अक्षरे मोकळी झाली, दार कोण उघडणार?

२०२५ सालच्या एप्रिलपासून जूनपर्यंत महाराष्ट्रात भाषेवरून रण पेटले होते. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी शिकविण्याचे शासननिर्णय १६ एप्रिल आणि १७ जूनला निघाले. त्यांच्याविरुद्ध आवाज उठला आणि २९ जूनला सरकारला ते मागे घ्यावे लागले. कोणती भाषा कोणावर लादायची आणि कोणती लादू द्यायची नाही, यावर सर्वच पक्षांचे पुढारी तावातावाने बोलले. परंतु याच काळात आपल्या वस्त्यांतील मुले-मुली रात्री घरातली कामे आटोपल्यावर मोबाईल हातात घेऊन एका तिसऱ्याच भाषेची अक्षरे गिरवीत होती. ती भाषा त्यांच्यावर कोणी लादली नव्हती, शाळेत ती शिकवीत नव्हते आणि तिच्यासाठी कोणी मोर्चाही काढला नव्हता. ती भाषा म्हणजे कोरियन.

ज्येष्ठ कार्यकर्त्यांना हे नाटका-गाण्यांचे खूळ वाटते. आम्हालाही तसेच वाटत होते. 'पॅरासाइट' या कोरियन चित्रपटाला २०२० मध्ये ऑस्कर मिळाले, २०२१ मध्ये 'स्क्विड गेम' ही मालिका जगभर पाहिली गेली, २०२४ मध्ये हान कांग या कोरियन लेखिकेला साहित्याचे नोबेल मिळाले. त्या लाटेत आपली पोरेही वाहत आहेत, एवढेच आम्ही समजत होतो. मात्र विहारात येणाऱ्या अकरावीतल्या एका मुलीने आम्हाला गाठून विचारले, "काका, त्यांच्याकडेही आपल्यासारखे लोक होते का हो?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. चळवळीत इतकी वर्षे काढून आम्हाला अमेरिकेतील काळ्यांचा लढा ठाऊक होता, जपानमधील बुराकूंविषयी थोडेफार ऐकून होतो, पण कोरियाविषयी आमची पाटी कोरी होती. तेव्हा आम्ही त्या मुलीसोबतच मोबाईलवर कोरियन शिकायला बसलो. पन्नाशी उलटल्यावर बाराखडी गिरविण्याचा हा अनुभव होता. त्यातून जे हाती लागले ते केवळ एका भाषेपुरते नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

कोरियन लिपीला हंगुल म्हणतात. तिच्यात आज २४ मूळ अक्षरे आहेत, १४ व्यंजने आणि १० स्वर. ही लिपी शिकताना पहिला धक्का बसतो तो तिच्या सरळपणाचा. 'म' म्हणजे एक छोटासा चौकोन. ती मिटलेल्या तोंडाची आकृती आहे. 'न' म्हणजे एक काटकोन. 'न' म्हणताना जीभ टाळूला कशी लागते ते त्यात दाखविले आहे. 'क'च्या आकृतीत आणखी एक रेघ टाकली की तिचा 'ख' होतो, 'त'मध्ये रेघ वाढविली की 'थ' होतो. म्हणजे अक्षराकडे पाहूनच तोंडाने काय करायचे ते कळावे, अशी ती योजना आहे. अक्षरे एकापुढे एक न मांडता ठोकळ्यात बसवितात. वर व्यंजन आणि स्वर, खाली शेवटचे व्यंजन. 'हान' लिहायचे तर 'ह' आणि 'आ' वर, 'न' खाली. बाराखडी आणि जोडाक्षरे घोटलेल्या मराठी मुलाला यात नवे काही वाटत नाही. त्या मुलीने चार संध्याकाळींत अक्षरे ओळखली, आम्हाला दहा दिवस लागले.

इतकी सोपी लिपी आपोआप जन्मली नाही. ती मुद्दाम घडविण्यात आली आणि कोणासाठी घडविली हेही नोंदलेले आहे. पंधराव्या शतकात कोरियात चोसन राजवट होती. बोलण्याची भाषा कोरियन, पण लिहिण्याची चिनी. हजारो चिनी चिन्हे पाठ करायला वर्षानुवर्षे मोकळा वेळ हवा आणि तो वेळ फक्त यांगबान म्हणविणाऱ्या उच्चकुलीनांपाशी होता. त्याच चिन्हांत राजदरबाराच्या परीक्षा, त्याच चिन्हांत कायदा, त्याच चिन्हांत जमिनीची कागदपत्रे. शेतात राबणाऱ्याला यातले एक अक्षर कळत नव्हते. सेजोंग या राजाने १४४३ च्या अखेरीस नवी लिपी तयार केली आणि १४४६ मध्ये ती जाहीर केली. सामान्य माणसाला आपले म्हणणे लिहिता यावे, हा हेतू त्याने स्वतः प्रस्तावनेत सांगितला आहे. हंगुलच्या सन्मानार्थ दक्षिण कोरियात ९ ऑक्टोबरला सुटी असते. लिपीसाठी राष्ट्रीय सुटी देणारे देश जगात किती असतील?

लिपी तयार होताच विरोध झाला. आपल्या वाचकांना तो कोणाचा, हे सांगायची गरज नाही. राजाच्याच विद्यापीठातील चोए मान-री या बड्या पंडिताने १४४४ मध्ये सहकाऱ्यांसह विरोधाचा अर्ज दिला. चिनी अक्षरे सोडून वेगळी लिपी करणे म्हणजे रानटी लोकांच्या पंक्तीला जाऊन बसणे, असा त्याचा एक मुद्दा होता. दुसरा मुद्दा आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. राजाचे म्हणणे असे होते की, आरोपीचा जबाब त्याला कळणाऱ्या अक्षरांत लिहिला आणि वाचून दाखविला तर गरिबावर अन्याय होणार नाही. त्यावर पंडितांचे उत्तर असे की, न्याय होतो की अन्याय हे तुरुंगाच्या अधिकाऱ्यावर अवलंबून असते, लिपीवर नाही. आपल्याकडे अत्याचाराची फिर्याद द्यायला गेलेल्या बाईचा जबाब पोलीस ठाण्यात कसा लिहिला जातो, तिला न कळणाऱ्या शब्दांखाली अंगठा कसा घेतला जातो आणि मग न्यायालयात तोच कागद तिच्याविरुद्ध कसा उभा राहतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना पावणेसहाशे वर्षांपूर्वीचा हा वाद जुना वाटणार नाही. राजाने या पंडितांना एक दिवस कोठडी दाखविली आणि लिपी मागे घेतली नाही.

आणखी एक गोष्ट बौद्धांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. कोरियात धम्म चौथ्या शतकातच पोहोचला होता. तेथील हाइन्सा विहारात तेराव्या शतकात कोरलेल्या त्रिपिटकाच्या ८१,२५८ लाकडी पाट्या आजही जपून ठेवलेल्या आहेत. केवढा हा ठेवा! पण त्यावरील अक्षरे चिनी आहेत. धम्म देशात होता, विहारात होता, पाट्यांवर होता. सामान्य बाईमाणसाला मात्र तो स्वतः वाचता येत नव्हता. नवी लिपी आल्यावर पुढच्याच वर्षी, १४४७ मध्ये, राजाच्या मुलाने आईच्या स्मरणार्थ त्या लिपीत भगवान बुद्धांचे चरित्र तयार केले. 'सकबो सांगजॉल' हे त्याचे नाव. हंगुलमधील अगदी आरंभीच्या गद्यग्रंथांपैकी तो एक. ज्या राजवटीत दरबारी पंडित बौद्धांना हिणवीत होते, त्याच राजवटीत लोकांच्या लिपीला पहिले बळ बुद्धचरित्राने दिले.

परंतु राजाने दिलेले दान राजाच काढून घेऊ शकतो. १५०४ मध्ये योनसानगुन या राजाविरुद्ध कोणीतरी हंगुलमध्ये फलक लावले आणि त्याने ही लिपी शिकण्या-शिकविण्यावरच बंदी घातली. लोक लिहू लागले की सत्ता कशी हादरते, त्याचा हा पुरावा. पुढे शेकडो वर्षे उच्चकुलीन मंडळी हंगुलला 'गावंढळ लिपी', 'बायकांची अक्षरे' म्हणून हिणवीत राहिली. बायकांनी, कारागिरांनी, कथा वाचणाऱ्यांनी ती जिवंत ठेवली. १८९४ मध्ये सरकारी कागदपत्रांत तिला स्थान मिळाले. १८९६ मध्ये 'तोंगनिप सिनमुन' हे वृत्तपत्र केवळ हंगुलमध्ये निघाले, कारण सर्व थरांतील लोकांनी ते वाचावे हा त्याचा हेतू होता. पुढे जपानच्या गुलामगिरीत कोरियन भाषेचीच गळचेपी झाली. १९४२ मध्ये कोरियन शब्दकोश तयार करणाऱ्या अभ्यासकांना अटक झाली आणि त्यांच्यापैकी दोघे तुरुंगात मरण पावले. शब्दकोशासाठी माणसे मेली आहेत, हे मोबाईलवर शब्द पाठ करणाऱ्या मुलांना आपण सांगितले पाहिजे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळू. होय, त्यांच्याकडेही आपल्यासारखे लोक होते. त्यांना पेकजोंग म्हणत. जनावरे कापणे, कातडी कमावणे, टोपल्या विणणे ही कामे त्यांच्या माथी जन्माने मारलेली होती. वस्ती गावाबाहेर. इतरांसारखी टोपी घालायची नाही, रेशीम वापरायचे नाही, घरावर कौले चढवायची नाहीत. आणि सर्वांत जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे, म्हाताऱ्या पेकजोंगानेसुद्धा इतरांच्या पोराटोरांशी वाकून, आदरार्थी भाषेत बोलायचे आणि त्या पोरांनी त्याला अरे-तुरे करायचे. आपल्या आजोबा-पणजोबांनी 'जोहार मायबाप' म्हणत जे भोगले, ते हजारो मैलांवर दुसऱ्या माणसांनीही भोगले होते. १८९४ मध्ये कायद्याने हा भेद रद्द झाला. कायदा झाला, पण गाव बदलले नाही. कुटुंबाच्या नोंदीत खूण राहिली आणि शाळेचे दार बंदच राहिले.

कोरियाच्या दक्षिणेकडील जिंजू शहरात पैसे असूनही एका पेकजोंगाच्या मुलांना शाळेत घेईनात. त्या संतापातून एप्रिल १९२३ मध्ये तेथे 'ह्योंगप्योंगसा' ही संघटना उभी राहिली. ह्योंगप्योंग म्हणजे तराजूची दांडी समतोल असणे. रोज हातात तराजू धरणाऱ्या माणसांनी आपल्या लढ्याला तराजूचे नाव दिले! जातवर्ग मोडणे, अपमानास्पद संबोधने बंद करणे आणि शिक्षणाचा प्रसार करणे ही तिची उद्दिष्टे होती. बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली ती जुलै १९२४ मध्ये आणि चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले ते २० मार्च १९२७ रोजी. म्हणजे एकमेकांची कसलीही खबर नसताना दोन देशांतील बहिष्कृत एकाच दशकात उठले. पुढचेही तसेच घडले. महाडहून परतणाऱ्यांवर जसे हल्ले झाले, तसेच जिंजूत जमाव चालून आला, पेकजोंगांकडून मांस घ्यायचे नाही असा बहिष्कार पुकारला गेला आणि १९२५ मध्ये येचॉन गावी मोठा हल्ला झाला.

आता हिशेब मांडून पाहा. जगातील सर्वांत सोप्या लिपींपैकी एक लिपी १४४६ मध्ये जाहीर झाली. पेकजोंगांच्या मुलांसाठी शाळेच्या दारावर संघटित धडक बसली १९२३ मध्ये. मध्ये ४७७ वर्षे गेली! लिपी सोपी होती, फुकट होती, देशाच्या राजाने ती लोकांसाठीच केली होती, तरीही तळातल्या माणसाच्या मुलाला वर्गात बसता आले नाही. अक्षर सोपे झाल्याने दार आपोआप उघडत नाही. ते संघटनेने उघडावे लागते. कोरियन शिकायला बसलो तेव्हा हा धडा आमच्या पाठ्यक्रमात नव्हता, पण आमच्या मते सर्वांत मोलाचा धडा हाच आहे.

कारण आज तीच परिस्थिती आपल्यापुढे नव्या रूपात उभी आहे. इंटरनेटवर ज्ञान फुकट झाले, आता जात आड येत नाही, मोबाईल कोणाला जात विचारत नाही, असे आपल्याला सतत ऐकविले जाते. यात तथ्य नाही असे नव्हे. शाळेतल्या शिक्षकाने बाबासाहेबांना संस्कृत शिकू दिले नाही, त्यांना पर्शियन घ्यावी लागली. पुढे संस्कृत त्यांनी स्वतःच्या हिमतीवर शिकून घेतले, जर्मन भाषा आत्मसात केली, पालीचा शब्दकोश आणि व्याकरण तयार केले. ज्ञानाच्या दारावर बसलेला तो द्वारपाल आज बराचसा हटला आहे. कोरियन सरकारच्या किंग सेजोंग इन्स्टिट्यूटचे पाठ घरबसल्या मिळतात. योनसेई विद्यापीठाचा 'फर्स्ट स्टेप कोरियन' हा नवशिक्यांचा अभ्यासक्रम कोर्सेरावर आहे. 'टॉक टू मी इन कोरियन'चे ध्वनिपाठ २००९ पासून निघत आहेत, 'हाऊ टू स्टडी कोरियन'वर व्याकरण पायरीपायरीने लिहिलेले आहे. पूर्वी मोठ्या शहरातील परदेशी भाषांच्या वर्गाची फी भरणाऱ्यालाच जे मिळत होते, ते आज मुखेड-माजलगावच्या मुलीच्या हातात आहे.

पण वास्तव काय आहे? या पाठांपैकी बहुतेक सगळे इंग्रजीतून समजावलेले आहेत. हिंदीत काही आहेत, मराठीत फारच थोडे. म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलाला कोरियनच्या दारापर्यंत पोहोचायला आधी इंग्रजीचा उंबरठा ओलांडावा लागतो. चोसन राजवटीत जे काम चिनी अक्षरे करीत होती, तेच काम आज इंग्रजी करीत आहे. दुसरी गोष्ट, घरात मोबाईल एक आणि शिकणारी तिघे. त्यात मुलीचा नंबर शेवटचा, तोही धुणी-भांडी आटोपल्यावर, डेटा संपत आलेला असताना. तिसरी गोष्ट, चुकले तर सांगणारे कोणी नाही. अॅप 'शाब्बास' म्हणते, पण आपण चुकीचा उच्चार महिनाभर घोटतो आहोत हे ते नेहमीच सांगत नाही. म्हणून दहा मुले सुरू करतात आणि दोन महिन्यांनी एक उरते. मग सोडलेली नऊ जण 'आपल्याला जमत नाही' असा समज करून घेतात. हा समज आपल्या समाजाला नवा नाही आणि तो खरा कधीच नव्हता.

मुळात मराठी माणसाला कोरियन परकी वाटावी असे तिचे बरेचसे व्याकरण नाही. इंग्रजीत क्रियापद मध्ये येते, कोरियनमध्ये मराठीसारखे शेवटी येते. 'मी भात खातो' याचे कोरियन 'जोनन बाबल मोगोयो'. शब्दांचा क्रम तोच. आपण नामाला '-ला', '-त', '-ने' जोडतो तसे कोरियनमध्येही प्रत्यय जोडतात. 'हाक्क्यो' म्हणजे शाळा, 'हाक्क्योए कायो' म्हणजे 'शाळेत जातो'. तो जातो, ती जाते, ते जातात या सर्वांना एकच 'कायो'. लिंगवचनाची कटकट नाही. इंग्रजी बोलणाऱ्याला 'क' आणि 'ख' यांतील फरक कानाला कळेपर्यंत घाम फुटतो. आपल्या पोराला तो पहिलीतच कळलेला असतो. अवघड काय आहे, तेही सांगितले पाहिजे. कोरियनमध्ये 'क' आणि 'ख' यांशिवाय घसा आवळून म्हणायचा तिसरा 'क्क' आहे, आणि आपल्याकडे नसलेले एक-दोन स्वर आहेत. आकडे दोन प्रकारचे आहेत. वस्तू मोजताना 'हाना, दुल, सेत' आणि पैसे मोजताना 'इल, इ, साम'. वेळ सांगताना तर तास एका पद्धतीने आणि मिनिटे दुसऱ्या! म्हणून आमचे सांगणे एकच: देवनागरीत उच्चार लिहून पाठांतर करण्याच्या फंदात पडू नका. पहिले दोन आठवडे फक्त हंगुल वाचायला आणि लिहायला शिका, मग शब्दांकडे वळा.

आदरार्थी बोलणे हा या भाषेचा कणा आहे. वय, हुद्दा, ओळख पाहून क्रियापदाचे शेपूट बदलते. मित्राला 'का' म्हणजे 'जा', अनोळखी माणसासमोर 'कायो', आणि वडीलधाऱ्यांविषयी बोलताना आणखी वेगळे रूप. शिकविणारे हे 'कोरियन संस्कृतीतील आदर' म्हणून सांगतात. ते खरे आहे, पण अर्धे. याच शेपटाचा वापर करून शतकानुशतके पेकजोंगांना वाकविले गेले, हे आम्ही वर सांगितले आहे. आज नवशिक्याला पहिल्या पाठापासून 'यो' लावून बोलायला शिकवितात, समोर कोणीही असो. दुकानातल्या मुलीशीही आणि मालकाशीही. ज्यांच्या पूर्वजांनी अपमानास्पद संबोधने बंद करण्यासाठी संघटना काढली, त्यांच्या लढ्याची आठवण या दोन मात्रांच्या 'यो'मध्ये आपण ठेवली तर बिघडत नाही.

आता पोटापाण्याचा प्रश्न. मुले विचारतात, हे शिकून नोकरी मिळेल का? येथे खोटी आशा दाखविणे हा गुन्हा ठरेल. महाराष्ट्रात कोरियन उद्योग आहेत, ही वस्तुस्थिती आहे. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला, रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यात विळे-भागाड येथे पोस्कोचा पोलाद प्रकल्प आहे. हे माणगाव १९२० च्या परिषदेचे कोल्हापूरकडील माणगाव नव्हे, महाडच्या शेजारचे. ज्या महाडात आपण पाण्याचा हक्क मिळविला, तेथून काही मैलांवर कोरियन साहेब आणि मराठी कामगार यांच्यामध्ये दुभाषा लागतो. तो दुभाषा कोणाच्या घरातला असेल, हा प्रश्न आपण विचारायला हवा. मात्र कारखान्यातील बहुतेक कामांना कोरियन लागत नाही, आणि दुभाष्याला लागणारी भाषा चार महिन्यांत येत नाही. अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या अधिकाऱ्यांना कोरियन शिकविण्यासाठी सुमारे २,२०० तासांचे वर्ग धरते, कारण इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी ती सर्वांत अवघड गटात मोडते. मराठी माणसाचे काही तास वाचतील, वर्षे वाचणार नाहीत.

म्हणून जवळचे ध्येय ठेवावे. 'टोपिक' ही कोरियन भाषेची अधिकृत परीक्षा आहे. तिच्या पहिल्या टप्प्यात फक्त ऐकणे आणि वाचणे, ७० प्रश्न, १०० मिनिटे, २०० गुण. ८० गुणांना पहिली पातळी, १४० गुणांना दुसरी. पहिल्या पातळीला सुमारे ८०० शब्द लागतात. रोज चार शब्द पक्के केले तरी सात महिन्यांत ते होतात. त्यापुढे जायचे असेल त्याच्यासाठी दारे आहेत. दिल्लीच्या जेएनयूमध्ये कोरियनची पदवी घेता येते आणि तेथे आरक्षण लागू आहे. कोरियन सरकारच्या ग्लोबल कोरिया स्कॉलरशिपमध्ये पदवीआधी वर्षभर भाषा शिकवितात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक शाळेत शिकता येणाऱ्या परदेशी भाषांत कोरियनचे नाव घेतले आहे. कागदावर नाव आहे. आपल्या तालुक्याच्या शाळेत शिक्षक येईल, याची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही.

एक धोका मात्र स्पष्ट सांगतो. कोरियात कारखान्यात कामाला पाठवितो, भाषेची परीक्षा पास करून देतो, असे सांगून पैसे उकळणारे दलाल पैदा होतात. परदेशी कामगारांना परवाना देणारी कोरियाची सरकारी योजना २००४ पासून आहे. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका यांसारखे करार केलेले देश तिच्यात आहेत आणि त्यांचे तरुण भाषेची परीक्षा देऊन जातात. भारत त्या यादीत आलेला नाही. तेव्हा या योजनेच्या नावाने कोणी हजारो रुपये मागत असेल तर ते देऊ नयेत, आणि दागिना गहाण ठेवण्याआधी वस्तीतल्या जाणत्या कार्यकर्त्याला विचारावे.

मग करायचे काय? आमची सूचना साधी आहे. प्रत्येक शहरात, मोठ्या गावात आपली विहारे आहेत, समाजमंदिरे आहेत, अभ्यासिका आहेत. त्यांपैकी अनेकांना १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर सोडले तर कुलूप असते. तेथे आठवड्यातून चार संध्याकाळी एक तास बसावे. एक मोबाईल, एक स्पीकर, एक फळा आणि दहा मुले. पाठ इंग्रजीत असेल तर ज्याला इंग्रजी येते त्याने तो मराठीत सांगावा आणि वहीत लिहून ठेवावा. ती वही पुढच्या दहा जणांचे पाठ्यपुस्तक होईल. उच्चार एकमेकांसमोर मोठ्याने करावेत. लाजायचे कारण नाही. हजेरी ठेवावी आणि दोन दिवस न आलेल्याच्या घरी जावे. मुलींची वेळ आधी ठरवावी, मग मुलांची. हे कोरियनपुरते नाही. उद्या जर्मन, जपानी, संगणकाची भाषा किंवा आपली पाली, सर्वांना हीच पद्धत लागू पडेल. एकट्याने मोबाईलपुढे बसलेले मूल दोन महिन्यांत थकते, दहा जणांत बसलेले मूल वर्षभर टिकते.

त्या अकरावीतल्या मुलीला आम्ही जिंजूची गोष्ट सांगितली. तिने ती ऐकून घेतली, वहीत हंगुलमध्ये 'ह्योंगप्योंग' असे लिहिले आणि अक्षर चुकले म्हणून खोडून पुन्हा लिहिले. मग म्हणाली, "काका, हे मराठीत कोणी लिहून का नाही ठेवलं?" हा प्रश्न तिने आम्हाला विचारला असला तरी तो आपल्या सर्वांसाठी आहे. कोरियन येणारा एक जरी मुलगा, एक जरी मुलगी आपल्यातून तयार झाली तर ती त्या लढ्याची कागदपत्रे मुळातून वाचील आणि आपल्याला मराठीत सांगेल. तोपर्यंत दुसऱ्याने इंग्रजीत सांगितलेल्या गोष्टीवरच आपल्याला विसंबून राहावे लागेल. विहाराची किल्ली कोणाकडे आहे, ती आज संध्याकाळी मागून घ्या.